दार वाजवायचे पैसे

हे लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या भूगोलाच्या सरांवर दोन पानं मागितली होती, तेव्हा मी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे केलं आणि सुटलो. ऑपरेशन खरंच होतं, पण ते झाल्यावर मला आधीपेक्षा स्वच्छ दिसत होतं. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा शोकसभेत मी त्यांच्या स्वेटरची गोष्ट सांगितली. लोक हसले, डोळे पुसले, मी खाली बसलो. सांगायचं होतं ते तसंच तोंडात धरून घरी आलो. आता मी सत्तरीला टेकलोय. आणखी किती दिवस तोंडात धरणार?

त्यांचं नाव लिहीत नाही. भिवंडीत ज्यांना कळायचं त्यांना स्वेटर म्हटलं की कळेल.

मी शाळेत गणित शिकवायचो, ते भूगोल. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. मूळचे वळ गावचे, शेतकऱ्याचं पोर. जिथे त्यांच्या वडिलांचा भात पिकायचा तिथे आता गोडाऊन आहे, आणि त्या गोडाऊनच्या पत्र्यावर लांबून वाचता येईल असा आकडा लिहिलाय. ते राहायचे निजामपुऱ्यात, एका गल्लीत, जिच्या दोन्ही बाजूंना लूम, कापडाचे यंत्रमाग. घराची एक भिंत लूमच्या कारखान्याला लागूनच. त्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर दिवसभर थरथरत असे. अशा घरात राहणारा माणूस हळू बोलूच शकत नाही. सरही हळू बोलत नसत. स्टाफरूममध्ये त्यांनी कानात काही गुपित सांगितलं, की ते शिपायापर्यंत सगळ्यांना समजायचं.

मे महिन्यात ते स्वेटर घालून फिरायचे. लाल मरून रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, कोपराला उसवलेला. पेपर तपासायला शाळेत यायचे ते तसेच. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरायचा. गल्लीच्या तोंडाशी लूमवाले कामगार चहा पीत उभे असत. त्यातला एक रोज विचारायचा, "मास्टरजी, मई में स्वेटर?"

"प्रॅक्टिस है भाई," सर म्हणायचे.

"किस चीज की?"

"ठंड की."

"ठंड में तो सब पहनते हैं. प्रॅक्टिस तो बिना स्वेटर के करो."

सरांना हे पटलं. त्या दिवशी त्यांनी मला शाळेत आल्याआल्या सांगितलं, "सर, त्या भैय्याचं लॉजिक बरोबर हाय. आपण उलटी प्रॅक्टिस करत होतो." आणि पुढच्या रविवारपासून ते वडप्याला जायला लागले. तिथे हायवेवर एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्यांचा एक भाचा वॉचमन होता. सर अंगात नुसता हाफ शर्ट घालून गोठवलेल्या मटारच्या पोत्यांमध्ये स्टुलावर बसत. भाच्याने हाक मारली की बाहेर येत आणि स्वेटर पुन्हा चढवत. मी एकदा विचारलं, जमतं का. म्हणाले, "थंडी ठीक आहे. पण पंख्यांचा फार आवाज. अर्धाच कॅनडा आहे तो."

कॅनडा. त्यांना कॅनडाला जायचं होतं, कायमचं. लोकांना वाटायचं पैशासाठी. मलाही आधी तसंच वाटलं. एकदा मी स्पष्टच विचारलं, की पर्मनंट नोकरी आहे, बायको समजूतदार आहे, मूलबाळ नाही म्हणून कुणाच्या शिक्षणाची काळजी नाही, मग तिकडे जाऊन काय करणार? ते म्हणाले, "गोडाऊनमध्ये पोती उचलीन. इथं माझे मामा-मावसभाऊ उचलतात, त्यांना काय होतंय?" मग म्हणाले, "सर, वीस वर्षं मी पोरांना बर्फ शिकवतोय. टुंड्रा, तैगा, हिमरेषा, सगळं. आणि बर्फ बघितलाय कुठे, तर गोळेवाल्याकडे. आणि दुसरं असं, की बर्फ पडताना आवाज होत नाही म्हणे. एवढं मोठं आभाळ खाली येतं आणि आवाज नाही. मला ते एकदा ऐकायचंय."

ज्याचा आवाज नाही ते ऐकायचंय. हे त्यांचं बोलणं मला त्या वेळी वेडगळ वाटलं. पण त्यांच्या वर्गात बसलेल्या पोरांना विचारा. आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. सर टुंड्राचा धडा शुक्रवारीच घ्यायचे, मग वेळापत्रक काहीही म्हणो. एरवीही शिकवताना मध्येच लाइट गेली, आजूबाजूचे लूम एकामागोमाग एक थांबले, की ते खडू धरलेला हात वर करून बोट उभं धरायचे. "ऐका." सगळा वर्ग गप्प. कुठला तरी कावळा, सायकलची घंटा, एखादी बाई कुणाला तरी हाक मारतेय, हे सगळं अचानक खिडकीतून आत यायचं. लाइट येईपर्यंत ते शिकवत नसत. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, हा कुठला धडा? "ध्रुवीय प्रदेश," सर म्हणाले.

स्टाफरूमच्या फळ्याच्या कोपऱ्यात ते रोज दोन तापमानं लिहायचे, एक आपलं आणि एक कॅनडातल्या विनिपेगचं. भिवंडी छत्तीस. विनिपेग उणे एकवीस. खालचा आकडा ते ओल्या खडूने लिहायचे, म्हणजे वाळल्यावर जास्त पांढरा दिसे. कधी मी वर्गावरून वैतागून आलो, की ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, "बसा सर. तिकडं उणे अठ्ठावीस आहे. आपलं बरंय."

अर्जाचं काम त्यांनी दोन-तीन वर्षं चालवलं. कुणा देशात राहायला जायचं तर तिकिटाला पैसे लागतात एवढंच आपल्याला माहीत असतं. त्याच्या आधीच किती लागतात ते मी त्यांच्याकडून ऐकलं. संध्याकाळी आम्ही दोघं वऱ्हाळा तलावाला फेरी मारायचो, तेव्हा ते सांगायचे आणि तलावावरचे बाकीचे लोकही ऐकायचे. इंग्रजीच्या परीक्षेचे पैसे. दोन वर्षांत बोलावणं आलं नाही तर ती परीक्षा शिळी, पुन्हा द्यायची, पुन्हा पैसे. पदवी खरी आहे का हे तिकडे तपासायला पाठवण्याचे पैसे. "माझ्या आधी माझी पदवी कॅनडा बघून आली सर. तिला जमलं, मला न्हाय." पोलिसांच्या दाखल्याचे पैसे. "मी गुन्हा केला नाही म्हणून पैसे. केला असता तर वकिलाला द्यावे लागले असते, म्हणजे स्वस्तच पडलं." ठरवून दिलेल्या डॉक्टरकडे छातीची तपासणी. "म्हणाला श्वास घ्या, श्वास सोडा. घेतल्याचे वेगळे, सोडल्याचे वेगळे असणार." आणि यातलं काहीही परत मिळत नाही. अर्ज नाकारला तरी नाही. ते म्हणायचे, "देश नंतर. हे नुसते दार वाजवायचे पैसे."

त्यांच्या बायकोकडे दोन बांगड्या होत्या, माहेरच्या. एक इंग्रजीत गेली, एक छातीच्या फोटोत. हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं, भाकरी थापता थापता, आणि वर म्हणाल्या, "माझ्या बांगड्या तिकडं पोचल्या असतील, सर. मी पोचेन तेव्हा ओळख देतील की नाही कोण जाणे." सर भिंतीला टेकून हसत बसले होते. त्या दोघांचं असं होतं. वहिनींनी कधी "कशाला जायचं" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. त्यांनी जुना मरून स्वेटर उसवून कोपरापाशी पुन्हा विणला, एवढंच.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं.

माझा मुलगा सरांच्या अर्जाच्या आधीच परदेशी गेला होता. त्याच्या अर्जाचे पैसे मी भरले, फंडातून काढून. सह्या अभिमानाने केल्या. तो गेला. रविवारी फोन करायचा. दोन वर्षांनी त्याची आई गेली, तेव्हा तो आला, कोरड्या डोळ्यांनी सगळं नीट केलं, आणि परत जाताना विमानतळावर मला म्हणाला, "बाबा, तुम्ही फिरायला जात जा." म्हणून मी तलावावर जायला लागलो. तिथे सर भेटले. शाळेत आम्ही रोज भेटतच होतो, पण तलावावर भेटलो ते वेगळं. नंतर एक दिवस असा गेला नाही, की संध्याकाळी त्यांचा मोठा आवाज मी ऐकला नाही. घरी आल्यावर माझ्या खोलीत इतकी शांतता असायची, की सरांना ती दाखवावी असं मला वाटायचं. पण मी त्यांना कधी घरी बोलावलं नाही. त्यांना ती आवडली असती, आणि मला त्याचं दुःख झालं असतं.

एका मार्चमध्ये त्यांना बोलावणं आलं. म्हणजे व्हिसा नव्हे. तुमचे गुण पुरेसे आहेत, दोन महिन्यांत सगळ्या कागदांसह आणि शेवटच्या मोठ्या फीसह अर्ज भरा, एवढंच. पण तिथपर्यंत पोचायला माणसं वर्षं घालवतात. सरांना तेव्हा चव्वेचाळीस पूर्ण झाली होती. पंचेचाळीस झाले की वयाचे गुण शून्य, आणि मग पुन्हा बोलावणं यायची आशा जवळजवळ नाही. वाढदिवस जुलैत होता. म्हणजे हे दार एकदाच उघडणार होतं.

खात्यात दाखवायची शिल्लक त्यांच्याजवळ होती. वळच्या विकलेल्या जमिनीतला हिस्सा होता तो. तिला हात लावायचा नव्हता, लावला तर अर्जच बाद. पतपेढीचं कर्ज आधीच डोक्यावर. फी भरायला उरली होती एकच गोष्ट. आमच्या स्टाफरूमची भिशी.

आमच्या भिशीची एक पद्धत होती. पगाराच्या दिवशी खडूच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याने चिठ्ठी हातात घ्यायची आणि सगळ्यांना विचारायचं, "कुणाची निकड?" ज्याला गरज असेल त्याने सांगायचं, आणि नंबर त्याला द्यायचा. मागितलेला नंबर कुणी नाकारला असं आमच्या शाळेत झालं नव्हतं. मुलीचं लग्न, आईचं आजारपण, शेतातली बोअर, सगळं त्या प्रश्नावर निघालं होतं. मात्र विचारल्याशिवाय मागायचं नाही, हाही त्याच पद्धतीचा भाग होता.

मुदतीच्या आतली ती शेवटची भिशी. मराठीच्या बाईंनी चिठ्ठी काढली आणि माझं नाव वाचलं. सर माझ्या समोर बसले होते, स्वेटर घालून. मला ते अजून दिसतात. त्यांनी टेबलावरचे हात काढून मांडीवर ठेवले, वर्गात उत्तर येत असलेलं पोर बसतं तसे. ते माझ्या प्रश्नाची वाट बघत होते.

मी तो प्रश्न विचारला नाही. मी चिठ्ठीची घडी केली आणि म्हणालो, "बरं झालं बाई. गावच्या घराचा स्लॅब टाकायचाय. पावसाच्या आत व्हायलाच हवा."

बाहेर लूम चालू होते. मग पहिली टाळी सरांनी वाजवली. "अभिनंदन सर. स्लॅब म्हणजे मोठं काम."

गावी, मुरबाडच्या बाजूला, माझं कौलारू घर आहे. स्लॅबचं काहीही ठरलं नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडातून आलं तेव्हा मला स्वतःलाही ते नवीन होतं. पण ते का आलं हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. मला संध्याकाळ दिसत होती. तलाव, बाकडं, आणि मी एकटा.

त्याच संध्याकाळी आम्ही फेरी मारली. दुसरी फेरी अर्धी झाल्यावर सर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाले, "सर, स्लॅब दिवाळीनंतर टाकला तर चालतो का हो?"

एवढंच. याहून जास्त मागणं त्यांना येत नव्हतं.

मी म्हणालो, "नाही ना. सेंटरिंग लावून झालंय. फळ्या, टेकू, सगळं."

"मग न्हाय थांबता येत," ते म्हणाले. "सेंटरिंग लावल्यावर माणसाला थांबता येत नाही." पुढे तलावातल्या बदकांबद्दल काहीतरी बोलले.

दोन महिने संपले. जुलै आला. वाढदिवसाला वहिनींनी शिरा करून स्टाफरूममध्ये पाठवला. सरांनी फळ्यावर लिहिलं, भिवंडी एकोणतीस, विनिपेग सव्वीस. "बघा," ते म्हणाले, "आता फरक राहिला नाही." सगळे हसले. मी जास्त हसलो. पुढे त्यांचा स्वतःचा नंबर लागला तेव्हा त्यांनी बायकोची एक बांगडी पुन्हा घडवून दिली.

खोटं बोलणं सोपं असतं, पण त्याला पाणी मारत राहावं लागतं. सर मला विचारायचे, "स्लॅबला पाणी नीट मारताय ना? वर मातीची आळी करून पाणी साठवा." मी म्हणायचो, हो. "गळतो का कुठं?" नाही. "एकदा बघायला यायचंय तुमच्या गावाला. गच्चीवर झोपू." मी म्हणायचो, या ना. आणि मग त्या वर्षी गावी नातेवाइकांकडे सुतक आहे, पुढच्या वर्षी रस्ता खणलाय. ते पैसे मी बँकेत ठेवले होते. अजून तिथेच आहेत. त्यावर व्याज येतं.

मग एका निवडणुकीत त्यांची ड्युटी माझ्या गावाजवळच्या केंद्रावर लागली. मला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी गावाहून माझ्या चुलतभावाचा फोन आला, भलत्याच कामाचा. बोलता बोलता तो म्हणाला, "तुजे एक मास्तर आलते. या उकाड्यात स्वेटर घातलेले. बरं हायत ना ते?"

मी विचारलं, काय म्हणाले?

"काय न्हाय. आंगणात उभं ऱ्हायले. वरती कौलांकडं बघत व्हते. मी म्हनलं बसा. च्या घेतला. मना म्हनले, घर छान हाय, कौलंच बरी, गार ऱ्हातं. आन गेले."

त्या संध्याकाळी मी तलावावर जाणार नव्हतो. गेलो. सर बाकड्यावर होते. माझ्यासाठी सरकून त्यांनी जागा केली, आणि इलेक्शन ड्युटीवरच्या जेवणाची तक्रार करायला लागले, डाळीत डाळ कशी नव्हती ते. गावाचं नाव नाही, घराचं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी मला स्लॅबबद्दल कधी विचारलं नाही. फेरीही कधी चुकवली नाही. हे माझ्याच्याने सहन व्हायचं नाही. भांडले असते तर मी पाया पडलो असतो. त्यांनी मला ती संधी दिली नाही, की मी घेतली नाही, हे माझं मलाही नीट ठरवता येत नाही.

त्या हिवाळ्यात स्वेटर दिसला नाही. मी विचारलं. "गल्लीतल्या त्या भैय्याला दिला," ते म्हणाले. "गावी चाललाय गोरखपूरकडं. तिकडं खरी थंडी असते म्हणे." फळ्यावरचं विनिपेग मात्र ते लिहीत राहिले, शाळा सोडेपर्यंत.

शाळा त्यांना लवकर सोडावी लागली. कान गेले. लूमच्या भिंतीला आयुष्यभर उशी लावून झोपलेल्या माणसाचे जातातच, डॉक्टर म्हणाला. आधी घंटा ऐकू येईना, मग पोरं. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कानाचं यंत्र घ्यायला वहिनी म्हणत होत्या, दुसरी बांगडी नव्हतीच, मी पैसे देतो म्हणालो. सर हात हलवून म्हणाले, "कशाला? आता मला रोजच शुक्रवार आहे." हे म्हणताना ते गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, आणि इतके खूश दिसले की वहिनी आत निघून गेल्या.

त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. तापमान ओरडून सांगता येतं, क्रिकेटचा स्कोअर सांगता येतो. माफी कशी मागायची?

तरी एकदा मी ठरवून गेलो. दुपारची वेळ होती. लूम पूर्ण जोरात चालू होते. मी मनाशी हिशेब केला होता, की या आवाजात मी कितीही ओरडलो तरी त्यांच्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. सर नेहमीसारखे भिंतीला पाठ लावून बसले होते. मी त्यांच्याजवळ सरकलो, खांद्यावर हात ठेवला, कानाशी वाकलो, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "सर, तो स्लॅब..."

आणि लाइट गेली.

लूम एकामागोमाग एक थांबले. गल्ली एकदम उघडी पडली. समोरच्या ओट्यावर कुणी खोकलं ते मला ऐकू आलं, आतून वहिनींच्या हातातली बांगडी कपाला लागली तेही. आता बोललो असतो तर सगळ्या गल्लीने ऐकलं असतं. मी थांबलो.

सरांना शांतता कळणार नाही असं मला वाटलं होतं. पण त्यांनी पाठ भिंतीपासून थोडी सोडवली आणि तळवा भिंतीवर ठेवला. कॅलेंडर थांबलं होतं. "भिंत थांबली," ते म्हणाले. मग खडू नसलेला हात वर केला, बोट उभं धरलं. चेहऱ्यावर तेच, वर्गातलं.

"ऐका," ते म्हणाले.

मी ऐकलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांनी मान थोडी हलवली, जणू मी बोललोच होतो आणि त्यांना ते पोचलं होतं. पण तसं मानून घेणं माझ्या सोयीचं आहे, म्हणून मी ते मानत नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. लाइट आली. पुन्हा तशी दुपार मिळाली नाही.

कानाशी वाकून मला एवढंच म्हणायचं होतं. सर, सेंटरिंग लावलेलंच नव्हतं. तुम्ही मला इथं हवे होतात.